परत भरतं

“तिला कमी नाही का पडणार?” काकांनी एवढंच विचारलं होतं.

सकाळची वेळ. तपकिरी घोडी, वय तेराच्या आसपास, उजव्या पुढच्या पायानं लंगडणारी. लंगडणंही तसं फार नव्हतं. दुडकी चालवली की उजवा पाय टेकताना मान किंचित वर जायची आणि डावा टेकताना खाली यायची. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवली तरच कळावं, इतपत. गुडघा मात्र समोरून फुगलेला होता. एका बाजूनं बोटानं दाबला की दुसऱ्या बाजूला टरारून वर यायचा. सांध्यातलं पाणी तपासायचं ठरलं. गुंगीचं इंजेक्शन देऊन पाचेक मिनिटं झाली होती, घोडीची मान खाली आली होती, खालचा ओठ सैल पडून लोंबत होता. तिची निगा राखणाऱ्या काकांनी तिचा पाय दुमडून दोन्ही हातांत धरला होता. गुंगीतलं जनावर तीन पायांवर उभं असलं की चौथा पाय म्हणजे तो धरणारा माणूसच. घोडी हळूहळू त्यांच्यावर रेलत होती आणि ते जागचे न हलता तिचा भार घेत होते. सुई गेली, पिवळसर थेंब आला, मी सिरिंज लावून दोन मिली ओढून घेतलं. सुई बाहेर येता येता एक थेंब काकांच्या मनगटावर पडला. त्यांनी आधी पाय अलगद खाली टेकवला आणि मग तो थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहिला. “अंड्यातल्या पांढऱ्यागत लागतंय,” म्हणाले. आणि मग तो प्रश्न. मी पेनाचं टोपण दातात धरून नळीवर तारीख लिहीत होते. वर न बघताच म्हटलं, “नाही हो काका, परत भरतं.”

उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्या दिवशी घरी येऊन हात धुताना, नंतर जेवताना आणि रात्री दिवा घालवल्यावरही ते दातात टोपण धरलेलं वाक्य मला आठवत राहिलं. इतकी वर्षं मी घोड्यांच्या सांध्यांतून पाणी काढते आहे. मालक असो, स्वार असो, सुट्टीत शिकायला आलेला विद्यार्थी असो, प्रत्येकाचा प्रश्न एकच: काय निघालं? काय गेलं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

आमच्या एका सरांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. घोड्याच्या गुडघ्याला हात लावायच्या आधी ते आम्हाला स्वतःचं मनगट वाकवायला लावायचे. कारण ज्याला सगळे घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतात, तो मुळात गुडघा नाहीच. ते त्याचं मनगट आहे. खरा गुडघा मागच्या पायात, वर, पोटाला लागून असतो. मागच्या पायात मध्यावर जो कोपऱ्यासारखा मागे आलेला दिसतो, तो आपला घोटा आणि टाच. खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. इतकं अवाढव्य धूड चार बोटांच्या चार नखांवर उभं असतं, हे कळल्यावर पहिले काही दिवस मला घोड्याकडे नीट बघवेना. वर्गात आम्ही वीस-पंचवीस जण आपापली मनगटं वाकवून, डोळे मिटून दुसऱ्या हाताच्या बोटानं खळगे शोधत बसायचो, आणि बाहेरून जाणाऱ्याला हा काय प्रकार चाललाय ते कळायचं नाही. मनगट वाकवलं की तळहाताच्या उलट बाजूला हाडांच्या ओळींमध्ये फट उघडते. घोड्याचंही तेच. पाय दुमडला की मधून जाणाऱ्या जाड कंडरेच्या दोन्ही अंगांना दोन खळगे उमटतात, अंगठ्याचं टोक बसेल एवढे. वरच्या ओळीत दोन, खालच्या ओळीत दोन. वरचा सांधा वेगळा, खालचा वेगळा. एकातलं पाणी दुसऱ्यात जात नाही. म्हणजे वरच्यातून काढलेल्या नमुन्यावरून खालच्याविषयी बोलायची सोय नाही. हे पुस्तकात असतंच, पण खळगा बोटाला सापडतो तो क्षण पुस्तकात नसतो. केसांखाली, कातडीखाली, एका विशिष्ट जागी बोट आत जातं आणि मनात कुणीतरी म्हणतं, हं, इथे.

मग धुणं. या कामात सुई आत असते ती अर्धा मिनिट, फार तर एक. धुणं त्याच्या कितीतरी पट. केस काढायचे की ठेवायचे यावर डॉक्टरांचे दोन तट आहेत. मी काढते, कारण मला कातडी दिसलेली बरी वाटते. मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा फेस, मधून बाहेर गोल गोल, गेलेल्या जागी परत यायचं नाही, बोळा टाकायचा, नवा घ्यायचा. घड्याळ लावून किमान पाच मिनिटं. मग स्पिरिट. मग निर्जंतुक हातमोजे, नवी सुई, नवी सिरिंज. बघणारे कंटाळतात. एका मालकानं एकदा मला विचारलं होतं, “ऑपरेशन आहे का?” नाही, पण जंतूंच्या दृष्टीनं बंद सांधा म्हणजे उबदार, निवांत घर. रक्तातले पहारेकरी तिथे सहज पोचत नाहीत, औषधंही बेतानंच पोचतात. आपण तपासायला म्हणून दार उघडायचं आणि आपल्याच सुईवरून कुणी आत शिरायचं, असं क्वचित होतं. पण झालं तर त्या घोड्याचं आयुष्यभराचं नुकसान. म्हणून फेस, परत फेस. त्या पाच मिनिटांत घोड्याचा वास येत असतो, क्लोरहेक्सिडिनचा गोडसर वास त्यावर चढत असतो, घोडा मधूनच लांब उसासा टाकतो, आणि मी मनात तो खळगा पुन्हा पुन्हा शोधत असते.

सुई कातडीतून जाताना जरा अडते, मग सोडते. सांध्याचं आवरण ओलांडताना पुन्हा एक बारीक अडकाठी लागते, जाड कागदातून टाचणी गेल्यासारखी, आणि त्यापुढे एकदम काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ म्हणजे सांधा. सुईच्या बुडाशी थेंब जमायला लागतो. नीट असेल तर फिकट पिवळा, पारदर्शक, नळीत घेऊन पलीकडची छापील अक्षरं वाचता यावीत असा. कधी त्यात लाल धागा तरंगत येतो. हा आपला प्रताप: वाटेत बारीक रक्तवाहिनी दुखावली. पण थेंब पहिल्यापासूनच एकसारखा तांबूस किंवा गडद पिवळा असेल तर रक्त आधीच, आत केव्हातरी, सांडून गेलेलं असतं. धागा वेगळा आणि रंग वेगळा, हे ओळखायला डोळ्यांना वेळ लागतो. आणि कधी काहीच येत नाही. सुई बरोबर जागी आहे, खात्री आहे, तरी कोरडी. आतल्या अस्तराची झालर सुईच्या तोंडावर बसलेली असते, किंवा पाणीच कमी असतं, किंवा खात्री खोटी असते. नव्यानं काम करायला लागले तेव्हा एका घोड्याच्या सांध्यात मी तीनदा सुई घातली. दुसऱ्या वेळी टोक कशावर तरी खरवडलं. तो आवाज नव्हता, बोटांना कळलेली करकर होती. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, मज्जातंतू नसतात, तिला ते दुखलं नसेल. पण कूर्चा धड भरूनही येत नाही. तिसऱ्यांदा सुई घातली ती घोड्यासाठी नव्हती. आजूबाजूला माणसं उभी होती, म्हणून.

त्याही वेळी कुणीतरी पाय धरलाच असेल. कोणी धरला होता, ते मला आठवत नाही.

थेंब आला की सगळ्यात जुनी तपासणी बोटांवर होते. हातमोज्याच्या अंगठ्यावर थेंब घ्यायचा, तर्जनी टेकवायची आणि सावकाश उचलायची. पाकाची तार बघतात ना, तशी. निरोगी सांध्याच्या पाण्याची तार अडीच-तीन सेंटिमीटर, कधी पाचपर्यंतही लांबते आणि मग तुटते. सूज असेल तर लवकर तुटते. जंतू असतील तर तार होतच नाही, नुसतं पाणी. ही तार धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे हायलुरोनिक आम्ल. तो पहिल्यांदा वेगळा केला कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 साली, आणि तोही सांध्यातून नाही, गाईच्या डोळ्यातून. गंमत अशी की 1970 साली एंड्रे बालाझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोच पदार्थ शर्यतीच्या घोड्यांच्या दुखऱ्या सांध्यांत टोचून पाहिला. आज माणसांच्या गुडघ्यांत जी ‘वंगणाची’ इंजेक्शनं देतात, त्यांची वाट अशी घोड्यांच्या पायांवरून आली आहे. बरीच वर्षं तो पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत असत. गाईचा डोळा, कोंबड्याचा तुरा, घोड्याचा पाय, माणसाचा गुडघा, सगळीकडे तेच ओशट, सरकतं काहीतरी. आणि याच्याही पुष्कळ आधी, सोळाव्या शतकात, पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्यानं सांध्यातल्या पाण्याला ‘सायनोव्हिया’ म्हटलं. त्या शब्दातला शेवटचा तुकडा अंड्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला असं मानतात. म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. काकांनी पॅरासेल्ससचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. त्यांनी फक्त थेंब चोळून पाहिला होता.

नुसतं पाणी म्हटलं की एक शिंगरू आठवतं. दहा दिवसांचं. मागचे दोन्ही घोटे फुगलेले, एक पुढचा गुडघाही, आणि ते उठायलाच तयार नव्हतं. आईच्या पोटात शिंगराला प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती मिळतात जन्मल्यावर, चिकातून, आणि तीसुद्धा पहिल्या दिवसाच्या आतच आतड्यातून रक्तात जाऊ शकतात. मग ते दार बंद होतं. या पिल्लानं पहिल्या रात्री धड पिलं नव्हतं. नाळेतून म्हणा, आतड्यातून म्हणा, जंतू रक्तात गेले आणि सांध्यांत जाऊन बसले. सुई घातली तर मला ओढावं लागलंच नाही. आतल्या दाबानं सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकायला लागला. मी बघत राहिले. गढूळ, फिकट, किंचित हिरवट झाक असलेलं. बोटांत धरलं तर तार नाही, टपकन खाली. निरोगी सांध्यात एका मायक्रोलिटरमध्ये पेशी पाचशेच्या आत असतात, फार तर हजार. 30,000 ओलांडले की जंतुसंसर्ग धरून चालायचं. तिथला आकडा त्याच्याही बराच पुढे होता, आणि जवळजवळ सगळ्या पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्रथिनं डेसिलिटरला दोन ग्रॅमच्या आसपास हवीत, ती चारच्या वर. आम्ही सांधे धुतले: एका बाजूच्या जाड सुईतून सलाइन आत, दुसऱ्या बाजूच्या सुईतून बाहेर, बाटल्यांमागून बाटल्या, बाहेर येणारं पाणी निवळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत. जंतू वाढवायला पाठवलेल्या बाटलीत काहीच उगवलं नाही. असं पुष्कळदा होतं, ते पाण्यात कमी आणि अस्तराला चिकटून जास्त असतात. मालक रोज फोन करून विचारायचे, आज काय निघालं? मी आकडे सांगायचे. शिंगराची आई दाराशी उभी राहून नाकपुड्या थरथरवत हलक्या आवाजात हाक घालायची, पिल्लांसाठीच राखून ठेवलेला तो एक आवाज असतो घोडींकडे. सहाव्या दिवशी आम्ही थांबलो.

त्या सहा दिवसांत मी त्या शिंगराला ‘नमुना’ सोडून दुसऱ्या कुठल्या नजरेनं पाहिलं का, असं आता विचारलं तर सांगता येणार नाही. आकडे मात्र आठवतात.

तर, परत भरतं का? भरतं. सांध्याच्या आतल्या अस्तरापाशी रक्ताचा निवळ सतत झिरपत असतो, अस्तरातल्या पेशी त्यात तो चिकट पदार्थ मिसळत असतात, आणि जुनं पाणी रसवाहिन्यांतून परत जात असतं. दोन मिलीची भरपाई व्हायला फार वेळ लागत नाही. हे मी काकांना सांगू शकले असते. हेही सांगू शकले असते की कूर्चेत रक्तवाहिनी नसते. तिचं सगळं पोषण याच पाण्यातून होतं, पाऊल टेकलं की ती पिळली जाते, उचललं की शोषून घेते. म्हणजे ते नुसतं वंगण नाही, कूर्चेचं जेवणखाणही तेच. आणि मनात असतं तर हेही, की एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा सुई घातली तर त्या सुईनंच सांधा थोडा चिडतो आणि पुढच्या नमुन्यात पेशी वाढलेल्या दिसतात. तपासणारा स्वतःच तपासणीत मिसळतो. शिवाय नमुना फारच थोडा घेतला तर जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त न गोठू देणारं औषध त्या मानानं जास्त होतं आणि प्रथिनांचा आकडा खोटा चढतो. जास्त घ्यावं तर असं, कमी घ्यावं तर तसं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढं लांब होतं. मी दोन शब्दांत उरकलं.

त्या घोडीचा अहवाल तसा बरा आला. पेशी हजाराच्या थोड्या वर, बहुतेक एककेंद्री, म्हणजे पू करणाऱ्या नव्हेत, प्रथिनं किंचित वाढलेली, जंतूंचा मागमूस नाही. तार मात्र मला तिथेच, पायाशी बसल्या बसल्या, आखूड वाटली होती. म्हणजे झिजणारा सांधा. या वयात, इतकी वर्षं पाठीवर माणूस घेऊन पळाल्यावर, यात नवल काही नाही. विश्रांती, सुजेवरचं औषध, नाल बदलून पाहणं. दहा दिवसांनी सूज उतरली असेल तर असंच चालू ठेवायचं. नसेल तर सांध्यात औषध टोचावं लागणार, आणि त्याआधी पुन्हा थोडं पाणी काढावं लागणार.

दहाव्या दिवशी गेले तेव्हा काका दारातच उभे होते. हातात खरारा, पुढ्यावर तपकिरी केसांचा थर. मी गाडीतून पेटी काढेपर्यंतही त्यांना दम नव्हता.

“डॉक्टरबाई, भरलं बरं का परत! तुम्ही म्हणाला होता तसंच. परवापासूनच दिसाया लागलं.”

चेहऱ्यावर असं समाधान, की मला काय बोलावं सुचेना. मी घोडीपाशी जाऊन खाली बसले. बोटानं दाबलं. एका बाजूनं दाबावं, दुसऱ्या बाजूनं टरारून यावं. पहिल्यापेक्षा जास्तच. काका वाकून माझ्या बोटांकडे बघत होते. दहा दिवस त्यांनी रोज सकाळी खरारा करताना तो गुडघा चाचपला असणार, आणि रोज थोडं थोडं भरताना पाहून त्यांना बरं वाटलं असणार. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. शब्द माझेच होते.

“काका, बसा जरा,” मी म्हटलं. आणि सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. निरोगी पाणी किती आणि सुजेचं किती, दाट कोणतं आणि पातळ कोणतं, हे भरणं चांगलं का नाही. बोलताना मी माझंच मनगट वाकवून दाखवत होते. ते ऐकत होते. मधेच त्यांनीही स्वतःचं मनगट वाकवलं आणि अंगठ्यानं खळगा शोधला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नुसता घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

“म्हणजे काढावं लागणार.”

“हो. आणि औषध घालावं लागणार.”

“पातळ झालंय का ते कसं कळतं म्हणालात?”

मी दोन बोटं जुळवून, उचलून दाखवली.

गुंगीचं इंजेक्शन दिलं. ओठ लोंबायची वाट पाहिली. काकांनी पाय दुमडून धरला, घोडी त्यांच्यावर रेलली, मी फेस केला. पाच मिनिटं. या वेळी मी त्यांच्याशी बोलत होते, पाठ दुखते का, किती वर्षं झाली घोड्यांत, असलं काहीबाही. चाळीसच्या वर, म्हणाले. मग खळगा, अडकाठी, दुसरी अडकाठी, आणि काहीच नाही. पिवळा थेंब सुईच्या बुडाशी जमला. सिरिंज लावण्याआधी तो खाली सुटला, आणि काकांनी पाय तसूभरही न हलवता एक हात मोकळा करून तो झेलला. माझी नजर सुईवर हवी होती. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. अंगठ्यावर तर्जनी टेकली आणि सावकाश उचलली गेली.